चौघांचा फलक: घरगुती आर्केड यंत्राच्या नियंत्रण-फलकाची चिकित्सा

नाणे टाकून खेळावयाच्या व्हिडिओ गेमचे उभे कपाट घरच्या घरी बनविण्याच्या छंदाला १९९७ साली 'मेम' ही संगणक-प्रणाली उपलब्ध झाल्यावर मोठी चालना मिळाली. जुन्या यंत्रांतील खेळ साध्या संगणकावर चालू लागले आणि हौशी कारागिरापुढे कपाट, पडदा व नियंत्रण-फलक हे तीन प्रश्न उरले. पहिले दोन सुतारकामाचे आणि खरेदीचे आहेत. तिसरा रचनेचा आहे, आणि एकाहून अधिक खेळाडूंचा विचार सुरू होताच तो न्यायाचाही होतो. प्रस्तुत विवेचन या तिसऱ्या प्रश्नापुरते मर्यादित आहे.

चौघांनी एका फळीवर खेळणे मराठी घराला नवे नाही. कॅरमचा सुमारे ७४ सेंटिमीटरचा चौरस पृष्ठभाग चारही खेळाडूंना सारखाच सामोरा असतो. प्रत्येकाची रेघ तेवढीच लांब, प्रत्येकाचे भोक तेवढ्याच अंतरावर. आर्केड यंत्राने ही समता मोडली. पडदा एकच आणि तो एकाच बाजूस असल्याने सर्व खेळाडू एका रांगेत उभे राहतात. मधल्या दोघांना पडदा समोर दिसतो, कडेच्या दोघांना तिरका. कॅरमने जे विनासायास दिले ते येथे रचनाकाराला प्रयत्नाने परत मिळवावे लागते, आणि फलकाचे मूल्यमापन याच कसोटीवर व्हावयास हवे.

भारतीय पार्लरांत 'मुस्तफा' या नावाने प्रसिद्ध असलेला खेळ, म्हणजे कॅपकॉमचा १९९३ सालचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', या संदर्भात बोलका आहे. (चार पात्रांपैकी एकाच्याच नावाने सारा खेळ ओळखला जावा, यातच खेळणाऱ्यांची निवड दिसते.) हा खेळ मुळात तिघांनी एकत्र खेळावयाचा. परंतु १९८५ पासून रूढ झालेल्या जामा जोडणीच्या ५६ टोकांत दोनच खेळाडूंची सोय असते. तिसऱ्यासाठी जास्तीची जोडणी लागते. ती केली नाही तर खेळात जागा असूनही फलकावर ती नसते. तिसऱ्याने खेळावे की पाहत उभे राहावे, हे अशा वेळी खेळाच्या कर्त्याने नव्हे तर तारा जोडणाऱ्याने ठरविलेले असते.

घरगुती फलकांचा सर्वांत ढळढळीत दोष म्हणजे हव्यास. 'स्ट्रीट फायटर २' साठी सहा बटणे लागतात म्हणून चौघांनाही सहा-सहा बटणे. 'मिसाइल कमांड' साठी फिरता चेंडू. 'टेम्पेस्ट' साठी फिरकी. 'पॅक-मॅन' साठी चारच दिशांची वेगळी जॉयस्टिक, कारण आठ दिशांच्या जॉयस्टिकवर तिरका स्पर्श होऊन वळणे चुकतात. असा फलक खेळांची सूची होतो. त्यावर माणसांना जागा उरत नाही. वस्तुतः सहा बटणांचे द्वंद्व दोघांचेच असते. ती बटणे मधल्या दोन जागांना द्यावीत. कडेच्या जागांना तीन-चार पुरतात, कारण चौघांचे खेळ बहुधा थोड्या बटणांवर चालतात. 'मुस्तफा'ला स्वतःला हल्ला आणि उडी ही दोनच लागतात. अटारीच्या 'गॉन्टलेट' (१९८५) मध्ये प्रत्येक जागा एका पात्राची व एका रंगाची होती. बटणांच्या गर्दीपेक्षा हा साधा उपाय खेळाडूला आपली जागा अधिक लवकर दाखवितो.

खांद्यांची रुंदी ४५ सेंटिमीटर धरल्यास चौघांना १८० सेंटिमीटर लागतील, आणि एवढा फलक कोणत्याही कपाटाला पेलणार नाही. कडेचे दोघे एक खांदा मागे घेऊन उभे राहतात, म्हणून मीटरभर रुंदीतही काम निभावते. येथे एक सापळा आहे. कडेचा खेळाडू तिरका उभा राहतो म्हणून त्याची जॉयस्टिकही तिरकी बसविण्याचा मोह होतो. मग त्याचे 'वर' आणि पडद्यावरील 'वर' यांत फरक पडतो. सरळ चालू पाहणारे पात्र कोपऱ्याकडे सरकते. बटणांची ओळ हवी तेवढी वळवावी. जॉयस्टिक मात्र पडद्याशी सरळच असावी.

पनवेलसारख्या शहरातील सदनिकेत आतल्या खोलीचे दार साधारण ७५ सेंटिमीटरचे असते. मीटरभर फलक त्यातून आडवा जाणार नाही, म्हणून तो बोल्ट काढून सुटा करता यावा. ब्रिटिशकालीन गॅझेटिअरांत बैलगाडीच्या चाकांसाठी नोंदल्या गेलेल्या या गावात लाकडाच्या कामाचे अप्रूप नसावे, पण कोकणचा पावसाळा साध्या प्लायवूडला फुगवितो. जलरोधक प्लाय घेऊन भोकांच्या कडाही रंगवून बंद कराव्यात.

सर्वांत गंभीर दोष मात्र डोळ्यांना दिसत नाही. खर्च वाचविण्यासाठी जुन्या कीबोर्डाचे सर्किट काढून त्याला बटणे जोडली जातात. कीबोर्डात प्रत्येक कळेला स्वतंत्र तार नसते. कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळ्यावर असतात. डायोड नसलेल्या जाळ्यात आयताचे तीन कोपरे एकदम दाबले गेले की चौथाही दाबल्याचा भास होतो, आणि तो टाळण्यासाठी अनेक कीबोर्ड अशा वेळी जास्तीची कळच नाकारतात. यूएसबीच्या साध्या पद्धतीतही एका वेळी सहाच सामान्य कळा कळविल्या जातात. याउलट, तिरक्या दिशेने चालत हल्ला करणारा एकच खेळाडू तीन स्विच दाबून धरतो. चौघांचे बारा होतात. परिणामी एकाचे बटण दुसऱ्याची हालचाल गिळते. हरलेला धाकटा भाऊ 'मी दाबलं होतं' म्हणतो तेव्हा त्याचे कोणी ऐकत नाही, आणि तो खरेच बोलत असतो.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक स्विचला स्वतंत्र टोक देणारी पट्टी, किंवा प्रत्येक खेळाडूस वेगळी यूएसबी पट्टी. दुसरा मार्ग स्वस्त पडतो. तथापि एकसारख्या चार पट्ट्यांचा क्रम संगणक पुन्हा सुरू झाल्यावर बदलू शकतो, आणि पहिल्याची जॉयस्टिक तिसऱ्याचे पात्र हलवू लागते. म्हणून पट्टीची ओळख क्रमांकाने न ठरविता ती कोणत्या भोकात खोचली आहे यावरून ठरविण्याची तजवीज, पहिले भोक पाडण्यापूर्वीच, आराखड्यात असावयास हवी.