मुंबई इलाख्यातील स्त्री-मताधिकार : एक चिकित्सा

मुंबई इलाख्यातील स्त्रियांना १९२१ साली मताधिकार मिळाला, अशी नोंद स्त्री-चळवळीच्या इतिहासात अभिमानाने केली जाते. मद्रासपाठोपाठ त्याच वर्षी मुंबई कायदेमंडळाने लिंगाधारित अपात्रता दूर केली, हे खरेच. मात्र या नोंदीतील 'स्त्रियांना' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो.

डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळाने माँटेग्यूंकडे ही मागणी मांडली. साउथबरो समितीने ती अमान्य केली. तेव्हा १९१९ मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा व त्यांची कन्या मिठन यांनी लंडनला जाऊन बाजू मांडली. त्या वर्षीच्या कायद्याने निर्णय प्रांतिक कायदेमंडळांवर सोपविला आणि प्रश्न स्थानिक राजकारणात आला.

अभ्यासकांचे दुर्लक्ष होते ते नेमके येथे. लंडनचा प्रवास तपशिलाने सांगितला जातो. पुणे मात्र तळटीपेत राहते. १९२० मध्ये पुण्यात मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणावरून तीव्र वाद झाला. खर्चाचे कारण पुढे करून आधी मुलांपुरतीच सक्ती करावी, असा टिळकपक्षीयांचा कल होता. त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या रमाबाई रानडे लगेच मताधिकाराच्या प्रचारातही अग्रेसर दिसतात. स्वराज्याची मागणी करणारे सारेच स्त्रियांच्या हक्कांचे कैवारी होते, हे गृहीतक या वादापुढे टिकत नाही.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. १९२१ च्या ठरावाने स्त्री असणे ही अपात्रता संपली. मालमत्ता, शेतसारा व कर यांच्या अटी तशाच राहिल्या. सातबारा ज्याच्या नावे, मत त्याचे. हिंदू विधवेला पतीच्या मालमत्तेत मर्यादित का होईना, वैधानिक वाटा १९३७ च्या कायद्याने मिळाला. त्यामुळे शेतात राबणारी कुणबीण वा गिरणीतील कामगार स्त्री मतदारयादीत येणे दुरापास्तच होते. १९३५ च्या कायद्याने पतीच्या मालमत्तेच्या आधारे पत्नीला मत देऊ केले. स्वतंत्र नागरिकत्व मागणाऱ्या स्त्री-संघटनांनी पत्नीत्वाच्या या अटीला आधीच विरोध केला होता, ही बाब आवर्जून लक्षात घ्यावी लागते.

प्रौढ मताधिकार संविधानाने १९५० मध्ये दिला. दरम्यानच्या तीन दशकांचे संशोधन ठरावांच्या व भाषणांच्या आधारेच होत राहिले. जिल्हावार मतदारयाद्या व नगरपालिकांची इतिवृत्ते तपासल्याखेरीज इलाख्यातील कोणत्या जातिवर्गांतील स्त्रिया मतदार झाल्या, याचे उत्तर मिळणार नाही.