कळवळ्याची सक्ती

माणूस शिक्षक का होतो, या प्रश्नाचे मराठी साहित्याने एकच सभ्य उत्तर मान्य केले आहे : कळवळा. साने गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. ही जेमतेम सहा वर्षे पुढच्या सगळ्या शिक्षकांना मोजण्याची फूटपट्टी होऊन बसली.

हे उत्तर खोटे नाही, अपुरे आहे. कर्जत-खालापूरकडच्या बारावी झालेल्या मुलापुढे वाटा किती? खोपोलीकडच्या कारखान्यात कंत्राटी काम, पहाटेची लोकल गाठून मुंबई, नाहीतर कुणाच्या फार्महाऊसची राखण. अशा ठिकाणी पदविका, मग टीईटी, मग पवित्र पोर्टल असा लांबचा रस्ता धरणारा मुलगा पहिल्यांदा पगाराचा विचार करतो. ठाकूर, कातकरी वा मुसलमान घरातल्या शिकणाऱ्या पहिल्या पिढीला महिन्याचा ठरलेला पगार ही लहान गोष्ट नाही. मुलीच्या बाबतीत आणखी एक कारण असते : घरचे सहसा हरकत घेत नाहीत अशी ही नोकरी आहे. ही कारणे आपल्या कथा-कादंबऱ्यांत फारशी येत नाहीत. आली तर शिक्षकाचा कमीपणा म्हणून येतात.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) मला म्हणूनच मोलाची वाटते. तिच्यातला तरुण मास्तर नोकरी म्हणून वाडीवर येतो. जिव्हाळा नंतर, माणसांत राहून तयार होतो. शेवटी दुष्काळ वाडी रिकामी करतो. कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्यांवर हा शेवट दरवर्षी घडतो : दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि पटावरची मुले वर्गात दिसत नाहीत. तिथे टिकणाऱ्या शिक्षकावर आपल्याकडे 'बनगरवाडी'च्या तोडीची कादंबरी नाही.

फातिमा शेख यांच्याबाबतीत आपणही निर्दोष नाही. सावित्रीबाईंच्या १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात त्यांचा उल्लेख येतो, तो कामाचा भार पडूनही कुरकुर न करणारी सहकारी म्हणून. आपण कुरकुर न करणे तेवढे उचलले आणि भार विसरलो. भाषणांतून त्यांची तसबीर झाली. राबणारी बाई मागेच राहिली.

ही चर्चा केवळ साहित्यापुरती नाही. २००० साली महाराष्ट्रात 'शिक्षण सेवक' योजना आली. प्राथमिक शाळेत तीन वर्षे, महिना ३००० रुपये मानधन. पुढे ते ६००० झाले आणि २०२३ मध्ये १६,००० वर गेले. पगाराऐवजी 'मानधन' आणि शिक्षकाऐवजी 'सेवक' म्हटले की पैशाबद्दल बोलणारा आपोआप लोभी ठरतो. या शब्दांना वजन दिले ते आपल्याच साहित्याने. त्यागाची इतकी स्तोत्रे झाली की हक्काची भाषा शिक्षकाच्या तोंडी शोभेनाशी झाली.

जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. मदत डोंगर चढून पायी पोहोचली. दूर आश्रमशाळेत राहणारी मुले वाचली; काहींचे आईबाप गेले. अशा मुलांसमोर दुसऱ्या दिवशी वर्गात उभा राहणारा माणूस या नोकरीत का आला होता, याने त्या मुलांना काही फरक पडत नाही. तो तिथे होता, याने पडतो. समीक्षेनेही शिक्षकाला आता तिथूनच वाचायला सुरुवात करावी.