पुडिंग, क्रूस आणि खुर्च्या : रमाबाईंची 'साक्ष' पुन्हा वाचताना

महिनाभर ब्लॉग ओस पडला होता, कारण माझं दुसरं प्रकरण मार्गदर्शक बाईंकडून परत आलं. मी लिहिलं होतं : 'बाप्तिस्म्यानंतर पहिली आठ वर्षं पंडिता रमाबाईंची श्रद्धा बाह्याचारापुरती होती, १८९१ नंतर ती आंतरिक झाली.' समासात बाईंनी पेन्सिलीनं एवढंच विचारलं होतं, "हे तुला कसं कळलं?"

कळलं होतं रमाबाईंकडूनच. १९०७ साली त्यांनी इंग्रजीत स्वतःच्या श्रद्धेची हकिगत लिहिली, 'अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएक्झॉस्टिबल ट्रेझर'. छोटंसंच पुस्तक आहे, एका बैठकीत वाचून होतं. त्यात त्या सांगतात की २९ सप्टेंबर १८८३ला इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो आठ वर्षांनी मिळाला. मी हे विधान उचललं आणि निष्कर्ष म्हणून छापलं. तुम्हीही कदाचित हेच केलं असतं. 'भाव तिथे देव' ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला 'आतलं खरं, बाहेरचं पोकळ' ही मांडणी लगेच पटते. ख्रिस्ती धर्मातही ती जुनीच आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शोमरोनी बाईला सांगतो की खरी उपासना या डोंगराला किंवा यरुशलेमला बांधलेली नाही. वाँटेजच्या सिस्टर्स लंडनमध्ये 'पतित' स्त्रियांसाठी जे काम करत, ते पाहताना रमाबाईंनी हीच गोष्ट ऐकली आणि ती मनावर ठसली, असं त्या लिहितात.

पण टीकाकार म्हणून थोडं थांबायला हवं. 'साक्ष' हा एक साहित्यप्रकार आहे आणि त्याचा साचा ठरलेला असतो : आधी अंधार, मग नुसता नावाचा धर्म, शेवटी खरा प्रकाश. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचं आत्मकथन रमाबाईंनी वाचलं होतं. हा गृहस्थ प्रवचन करता करता स्वतःच्याच प्रवचनानं बदलला, म्हणजे आधीपासून पाद्री असूनही तोवर 'खरा' ख्रिस्ती नव्हता. रमाबाईंनी आपल्या आयुष्याकडे या आरशातून पाहिलं. म्हणून त्यांचा अनुभव खोटा ठरत नाही. पण आरशाच्या चौकटीत जे मावलं नाही, ते पुस्तकाबाहेर राहिलं.

काय राहिलं? वाँटेजच्या काळातली पत्रं. सिस्टर जेराल्डिन यांनी ती जपली आणि १९७७ साली ए. बी. शहांच्या संपादनाखाली ती छापून आली. त्यात भांडणं आहेत, आणि ती नेमकी 'बाहेरच्या' गोष्टींवरून आहेत. रमाबाई मांस-अंडी खात नव्हत्या, पुडिंगवरूनसुद्धा कुरबुर झाली. जेराल्डिनबाईंना त्यात जातीचा अहंकार दिसला. रमाबाईंचं उत्तर साधारण असं : एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला गेली आणि कुणाला त्रास नसताना तिनं आपल्या सवयी सोडल्या नाहीत, तर तिला कुणी गर्विष्ठ म्हटलेलं चालेल का? क्रूसावरची अक्षरं लॅटिनमध्ये होती. रमाबाईंना ती संस्कृतात हवी होती, कारण लॅटिन त्यांना परकं होतं आणि त्यांच्या देशातल्या बायकांनाही.

आता बघा, यात आतलं कोण आणि बाहेरचं कोण? माझ्या जुन्या वाचनानुसार रमाबाई 'बाह्याचारात अडकलेल्या' ठरतात. पण पत्रं वाचली की दिसतं, त्यांच्यासाठी ताटातलं अन्न हा सदसद्विवेकाचा प्रश्न होता. भारतातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टानं फेकलंय, आता दुसरं मानेवर घेणार नाही, असंही त्या १८८५ साली सुनावतात. हे 'नावाची ख्रिस्ती' बाई लिहील का? उलट, जेराल्डिनबाई पुडिंगवरून थेट मनाचं निदान करत होत्या. 'तुझी भक्ती आतून नाही' हे वाक्य भक्तीबद्दल कमी आणि अधिकाराबद्दल जास्त बोलतं.

'साक्षी'तही हा साचा एका ठिकाणी तडकतो, आणि माझ्या मते तेच पुस्तकातलं सर्वांत चांगलं लेखन आहे. आईवडिलांची तीर्थयात्रा. उपास, स्नानं, दानधर्म, देव प्रसन्न होण्याची वाट पाहणं. पैसे संपले, दुष्काळ आला, वडील अनंतशास्त्री पवित्र तळ्यात जलसमाधी घ्यायला निघाले. साच्यानुसार हा 'अंधार' आहे आणि रमाबाई या आचारांना व्यर्थच म्हणतात. पण शेवटच्या वेळी मुलीला जवळ घेऊन देवाची सेवा करत राहा असं सांगणारा बाप त्यांनी असा लिहिलाय, की त्याचा भाव खोटा होता असं म्हणायची छाती कुणाची होणार नाही. विधी व्यर्थ असेल, पण माणूस आतून रिकामा नव्हता. पुस्तक हे म्हणत नाही, दाखवतं मात्र.

आणि उलट बाजू? १९०५ साली केडगावच्या मुक्ती सदनात 'पुनर्जागरण' झालं. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करत होत्या, रडत होत्या. टीका झाली, रमाबाई मुलींच्या बाजूनं उभ्या राहिल्या. म्हणजे आंतरिक भक्तीलाही शेवटी आवाज, अश्रू, शरीर लागलंच. ते बाहेर आलं आणि बघणाऱ्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, हे खरं आहे का?

रमाबाई स्वतः एकदा अशा बघणाऱ्या होत्या. कलकत्त्यात पहिल्यांदा ख्रिस्ती मंडळींची प्रार्थना पाहिली, तेव्हा समोर मूर्ती नाही आणि लोक गुडघे टेकून डोळे मिटलेले. त्यांना वाटलं, हे लोक खुर्च्यांना नमस्कार करतायत! हा प्रसंग त्यांनी १९०७ साली आठवणीनं लिहिला, याला माझ्या लेखी फार मोल आहे. दुसऱ्याचा भाव बाहेरून बघताना आपल्याला बहुतेक वेळा खुर्चीच दिसते.

प्रकरण पुन्हा लिहिलंय. १८९१चा बदल मी नाकारत नाही. तो रमाबाईंचा आहे आणि स्वतःबद्दल तो निवाडा करायचा हक्क त्यांचाच. पण त्यांनी स्वतःला जे म्हटलं, ते मी त्यांच्याबद्दल म्हणू शकत नाही. बाईंच्या पेन्सिलीचा अर्थ एवढाच होता, आणि तो कळायला मला महिना लागला.

तुमच्या घरात 'नुसतं सोंग आहे' असं कुणाच्या पूजेबद्दल, उपासाबद्दल, चर्चला जाण्याबद्दल म्हटलं गेलंय का? कोण म्हणालं होतं, आणि कुणाला? खाली जरूर लिहा.