वाटीतलं मीठ आणि धड्यातला स्फटिक

मंडळी, स्फटिकाचा धडा आपण शिकवतो कसा? पाणी तापवा, पदार्थ विरघळवा, थंड करा, स्फटिक तयार. तुरटीला, मोरचुदाला हे छान लागू पडतं. पण मिरकरवाड्यातल्या मुलाच्या घरी असतं ते मासळी खारवायचं मीठ. १०० ग्रॅम पाण्यात ते ० अंशाला सुमारे ३६ ग्रॅम विरघळतं, आणि १०० अंशाला ३९च. मग थंड करून हाती येणार काय? चिमूटभर! मीठ मिळतं ते पाणी उडाल्यावर; शिरोड्याच्या मिठागरांत तेच होत आलं.

आम्ही पडलो तत्त्वज्ञानवाले, कारण विचारायची खोड. धड्यात कृती आहे, कारण गाळलंय. मुलगा मात्र म्हणतो, माझाच प्रयोग फसला. त्यातून जुलैत वाटी मांडली तर बघायलाच नको. हवेत ७५ टक्क्यांच्या वर दमटपणा असला की मीठ उलट पाणी ओढतं.

ऑक्टोबरात दोन वाट्या मांडा ना! उन्हातली भराभर सुकते. एकदम असंख्य कण धरतात, बारीक रवा पडतो. सावलीत, कागदाखाली ठेवलेलीत मोजकेच धरतात आणि चौकोनी खडे वाढतात. या फरकावर परीक्षेत प्रश्न येतो का? येतं ते 'व्याख्या लिहा', दोन गुण.