चीवर आणि प्रेतवस्त्र

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात (श्लोक 52) चांडाळांनी प्रेतांवरील वस्त्रे नेसावीत, लोखंडाचे अलंकार घालावेत, असा दंडक आहे. भिक्खूंचे पांसुकूल चीवरही स्मशानात वा उकिरड्यावर टाकलेल्या चिंध्यांचेच. म्हणून वरवरच्या वाचनात ही दोन्ही वस्त्रे एकाच मोलाची वाटतात. आम्हांस हे वाचन मान्य नाही. जीवकाने विनंती केल्यावर भगवंतांनी ज्याची इच्छा असेल त्याने पांसुकूल वापरावे, ज्याची इच्छा असेल त्याने गृहस्थांनी दिलेले चीवर घ्यावे, अशी मुभा दिली, असे महावग्ग सांगतो. मनूच्या दंडकात इच्छेला जागाच नाही.

गृहस्थांच्या चीवरदानाचा चोख हिशेब आपल्या नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर कोरलेला आहे. नहपानाचा जावई उषवदात याने दहाव्या लेण्यातील लेखानुसार 2000 कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे दरमहा दरशेकडा 1 व्याजाने ठेवले. त्यातून वर्षावासातील 20 भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण. वर्षाचे व्याज 240, वाटपही 240! (लेणी पाहावयास येणारे बहुधा खांबांचीच वाखाणणी करून परततात.)

मनूचा दंडक मात्र पोथीत राहिला नाही. डिसेंबर 1927 मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाल्यावर बाबासाहेबांना स्त्रियांच्या सभेत सांगावे लागले, की लुगडे नेसण्याची पद्धत बदला, अस्पृश्यता ओळखू येईल असे दागिने टाका. अनेकींनी तो बदल तेथेच केला.