‘बनावट साहित्य’ : एका कायदेविषयक प्रयोगाची चिकित्सा

‘बनावट नोटा व बनावट साहित्य जप्त’ हा प्रयोग मराठी वृत्तांतून वारंवार आढळतो. त्यातील पहिले विशेषण यथार्थ आहे, दुसरे चुकीचे आहे. नोट खोटी असते. साचा, शाई, कागद आणि यंत्र ही खरीच असतात. ‘बनावट’ हा शब्द मराठीत ‘घडण’ या अर्थीही रूढ असल्यामुळे ही चूक सहसा खटकत नाही.

कौटिल्याने हा भेद काटेकोरपणे सांभाळला आहे. खोट्या नाण्यास ‘कूटरूप’ व ते पाडणाऱ्यास ‘कूटरूपकारक’ अशा त्याच्या संज्ञा आहेत. भाता, सांडस, ऐरण, ठसे, मुशी यांची वारंवार खरेदी करणाऱ्यावर संशय घ्यावा, असे ‘कंटकशोधन’ अधिकरणात सांगितले आहे. तथापि साधने हा तेथे केवळ संशयाचा आधार होय. गुप्तचराने शिष्य बनून आत शिरावे, खात्री करावी आणि त्यानंतरच हद्दपारी व्हावी, असा क्रम आहे.

1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेची रचनाही तत्त्वतः अशीच आहे. कलम 181 प्रमाणे साधन बाळगणे हा गुन्हा ठरतो, तो त्यामागील हेतूमुळे किंवा जाणिवेमुळे. कलम 180 प्रमाणे खोटी नोट जवळ असणे एवढ्याने गुन्हा होत नाही. ती खोटी असल्याची जाणीव आणि ती खरी म्हणून चालविण्याचा इरादा ही दोन्ही आवश्यक आहेत. याउलट नागरिक सुरक्षा संहितेचे झडतीविषयक कलम 97 नाणी, नोटा, मुद्रांक व त्यांच्या निर्मितीची साधने अशी वस्तूंचीच यादी देते. जप्ती वस्तूची होते, शिक्षा हेतूला होते.

हा भेद पुसला गेला, तर त्याची झळ निरपराध्यास लागते. बँकेत भरलेली नोट खोटी निघाल्यास बँक ती अडकवून ठेवते, तिच्यावर शिक्का मारते व पोचपावती देते. रक्कम मात्र परत मिळत नाही. असा खातेदार फसविला गेलेला असतो. त्याची नोट आणि छापखानेवाल्याचा साचा या दोहोंना एकच विशेषण लावणारी भाषा त्या दोन माणसांतील अंतरही नकळत कमी करते. म्हणून ‘बनावट नोटा आणि त्या छापण्याची साधने’ हाच प्रयोग, किंचित लांब असला तरी, ग्राह्य मानला पाहिजे.