हिम, बर्फ आणि कोरा कागद

संग्रहवृत्तीची चर्चा आपल्याकडे बहुधा वॉल्टर बेन्यामिनच्या 1931 मधील ग्रंथसंग्रहविषयक निबंधाच्या आधारे होते, आणि यांत्रिक प्रतिकृतीची चर्चा त्याच्याच 1936 मधील निबंधाच्या आधारे. हे दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचले की एक पेच उभा राहतो. जी वस्तू जन्मतःच प्रत आहे, जिच्या मागे पूजनीय असे 'मूळ' नाही, तिचा संग्राहक नेमके काय जपत असतो? एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन हिमदृश्यांची शिळाछाप चित्रे हे या पेचाचे बोलके उदाहरण आहे. त्यांच्याकडे पेण-रोह्याहून पाहणे प्रथमदर्शनी विक्षिप्तपणाचे वाटेल. परंतु प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, या चित्रांविषयीचे काही प्रश्न तेथूनच अधिक स्वच्छ दिसतात.

न्यूयॉर्कमधील 'करियर अँड आइव्ह्‌ज' ही छापसंस्था या चित्रांचे मुख्य उगमस्थान. नॅथॅनिएल करियरने 1830 च्या दशकात व्यवसाय सुरू केला, हिशेबनीस म्हणून आलेला जेम्स आइव्ह्‌ज 1857 मध्ये भागीदार झाला आणि 1907 मध्ये संस्था बंद पडली. दरम्यान सात हजारांहून अधिक चित्रविषय तिने बाजारात आणले. लहान आकाराचे चित्र काही सेंटांत मिळे. दगडावरून काळ्या शाईत छापलेला कागद स्त्री-कामगारांच्या रांगेपुढे जाई. समोर नमुना ठेवलेला असे. एकीने आकाशाचा रंग द्यायचा, दुसरीने झाडांचा, तिसरीने घराच्या छपराचा. म्हणजे प्रत यंत्राची, पण हात माणसांचे. तेही अनेकांचे आणि अनामिक.

ज्याने पेणचा गणपतीचा कारखाना पाहिला आहे त्याला यात नवल वाटणार नाही. साच्यातून निघालेल्या शेकडो मूर्ती सारख्याच असतात. त्यांची घासाई एक करतो, अंगरंग दुसरा देतो, आणि डोळ्यांची आखणी मात्र सरावलेल्या कारागिराकडेच राहते. गिऱ्हाईक मूर्ती निवडताना 'मूळ कोणती' असे विचारत नाही. 'डोळे कसे उतरले आहेत' हे पाहते. मूळ आणि प्रत या द्वंद्वात न मावणारी अशी एक तिसरी कोटी आहे, आणि पेणच्या बाजाराला ती सिद्धान्ताआधीच ठाऊक आहे. पाश्चात्त्य सिद्धान्तन आणून देशी वस्तूंना लावण्याची आपली सवय जुनी. येथे उलट दिशेने जाता येते, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. जुन्या अमेरिकन छापाचा जाणता संग्राहक भिंग घेऊन पाहतो तेही हेच: दगडाचा अनियमित रवा आहे की पुढच्या काळातील छपाईचे एकसारखे ठिपके, आणि रंगात हाताचा ओघ दिसतो की नाही.

परंतु या चित्रांना मराठीत म्हणायचे काय? वर 'हिमदृश्य' हा शब्द सरळ वापरला, पण तो निर्दोष नाही. 'हिम' या तत्सम शब्दाला आपल्या भाषेत हिमालयाची उंची आणि पुराणांचे पावित्र्य चिकटलेले आहे. तो वापरताच कनेक्टिकटमधील कुठल्याशा शेतकऱ्याचे अंगण कैलासाच्या पायथ्याशी जाऊन बसते. फारसीतून आलेला 'बर्फ' वापरावा, तर रोह्याच्या बाजारात मासळीखाली फोडून पसरलेली लादी डोळ्यांपुढे येते. आकाशातून उतरणारा आणि तळ्यावर गोठणारा, हे दोन्ही मराठीला 'बर्फ'च. आणि जे शब्द खरोखर या पट्ट्यातल्या थंडीचे आहेत, दहिवर, धुके, गारठा, ते येथे निरुपयोगी. पेण-रोह्याचा हिवाळा वालाच्या शेंगांचा आणि भांबुर्डीच्या पाल्यात लपेटलेल्या पोपटीच्या मडक्याचा आहे. तो जिभेवर आहे, भिंतीवर कधी आला नाही.

तरीही मला 'बर्फ' हाच शब्द अधिक न्याय्य वाटतो, आणि त्याचे कारण ऐतिहासिक आहे. 1833 मध्ये फ्रेडरिक ट्यूडरच्या गलबताने न्यू इंग्लंडमधील तळ्यांचा बर्फ भुशात जपून कलकत्त्याला आणला. पुढे मुंबईतही तो येऊ लागला व त्यासाठी बर्फघर बांधले गेले. म्हणजे अमेरिकन हिवाळा कोकणच्या किनाऱ्याजवळ प्रथम आला तो चित्र म्हणून नव्हे, माल म्हणून. आणि आला तो लादीच्या रूपानेच. करियर अँड आइव्ह्‌जच्या 1864 मधील एका प्रसिद्ध चित्राचा विषय तळ्यावरचा बर्फ कापणे हाच आहे. संग्राहकांच्या लेखी ते ग्रामीण शांततेचे चित्र असते. मासळीबाजारातला शब्द वापरला की त्यातील श्रम व व्यापार पुन्हा दिसू लागतात.

बर्फ कापण्याचे ते चित्र जॉर्ज हेन्री डरीच्या चित्रकृतीवरून केलेले. डरी 1863 मध्ये वारला. त्याच्याच कृतीवरून छापलेले 'होम टू थँक्सगिव्हिंग' 1867 चे आहे. थँक्सगिव्हिंगचा राष्ट्रीय दिवस लिंकनने जाहीर केला तो 1863 मध्ये, ऐन यादवी युद्धात. युद्ध संपल्यावर दोन वर्षांनी हे चित्र विक्रीस येते: बर्फाने भरलेले अंगण, दारात परतलेल्या माणसांचे स्वागत. ते घेणाऱ्यांत शहरात स्थिरावू पाहणारे कितीतरी जण असणार. सुझन स्टुअर्टने 1984 मधील आपल्या ग्रंथात स्मृतिव्याकुळतेविषयी म्हटले आहे की, जे कधी नव्हतेच त्याची ती ओढ असते. या चित्रांना ते लागू पडते, पण पुरते नव्हे. घर सोडून गिरणीत राबायला गेलेल्याचे घर कल्पित नसते.

चित्रात बर्फाचे काम कोणते? वाट अवघड करणे, म्हणजे पोहोचणे मोलाचे होते. कोकणात हे काम पाऊस करतो. कोकण रेल्वेचा मार्ग रोह्यापासून सुरू होतो; 1998 मध्ये तो सलग खुला झाल्यापासून भाद्रपदात भरलेल्या गाड्या येथूनच खाली जातात. त्या परतीचे चित्र मात्र आपल्याकडे घरोघर लागले नाही. तंत्राचा अभाव होता असे नाही. 1894 मध्ये सुरू झालेल्या रवी वर्म्यांच्या छापखान्यात दगडच होते. पण घरोघर पोहोचल्या त्या मुख्यतः लक्ष्मी आणि सरस्वती. माझा तर्क असा की, परतीची प्रतिमा कोकणी माणसाने पेणच्या मूर्तीवर सोपवली होती. ती भिंतीवर टांगायची नसते, पाण्यात सोडायची असते. म्हणून तिचा संग्रहही होत नाही.

करियर अँड आइव्ह्‌जची चित्रेही संग्रहासाठी नव्हतीच. चुलीच्या धुरात ती काळवंडली, घरे बदलताना टाकून दिली गेली, आणि म्हणूनच उरलेली दुर्मीळ झाली. 1929 व 1931 मध्ये हॅरी पीटर्स या संग्राहकाने त्यांवर दोन खंड काढले, त्यानंतर दिनदर्शिका आणि नाताळच्या शुभेच्छापत्रांतून त्यांच्या नव्या प्रतींचा पूर आला. जुन्याची किंमत त्यामुळे घटली नाही, वाढलीच असावी.

येथे एक तांत्रिक बाब महत्त्वाची आहे. या चित्रांतील बर्फ बहुतांशी छापलेला नाही. तो न रंगवलेला कोरा कागद आहे. ते वाचताना मला दरवेळी हमरापूरच्या अंगणात वाळत ठेवलेल्या, रंग न चढलेल्या पांढऱ्या मूर्तींच्या ओळी आठवतात. कागद कालांतराने पिवळा पडतो, त्यावर तांबूस ठिपके उठतात आणि बर्फ मळतो. तो रासायनिक रीत्या धुऊन पांढरा करता येतो. पण त्या धुण्यात हातांनी दिलेले जलरंग फिकट होण्याचा धोका असतो. विकणाऱ्याला पांढरा बर्फ हवा असतो, जाणत्या संग्राहकाला छपरावरचा तो तांबडा फटकारा. दोहोंतून एकच निवडायची वेळ आली तर मी मळक्या बर्फाची प्रत घेईन. त्या छपरावर कोणा बाईचा कुंचला एकदाच, घाईने फिरला होता.